इंटरनेट बंद, गाणे चालू

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीतील गुलमोहराची फांदी केबलवर कोसळली आणि इंटरनेट बंद पडले. वीज मात्र शाबूत होती. घरातील तरुण मंडळी मोबाईल हातात घेऊन एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. आतल्या खोलीत वडिलांच्या उशाशी ठेवलेल्या प्लेअरवर पूरिया धनाश्रीचा विलंबित ख्याल मात्र काही घडलेच नाही अशा थाटात पुढे सरकत होता. चहाला आलेले शेजारी थोडा वेळ ऐकत राहिले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "अहो, हा डबा वायफायवर चालतो ना? मग नेट गेले तरी हा गातो कसा?"

प्रश्न भाबडा वाटेल, परंतु तो पडणे अगदी स्वाभाविक आहे. वायफाय म्हणजे इंटरनेट, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत असते. एकाच डब्यातून दोन्ही गोष्टी मिळत असल्यामुळे ती दृढही होते. जुन्या वाड्याचे उदाहरण घेतले तर उलगडा लवकर होईल. वाड्याला मधला चौक असे, चौकाभोवती खोल्या असत आणि रस्त्याच्या बाजूला दिंडी दरवाजा असे. दरवाजाला कडी घातली म्हणून माजघरातून स्वयंपाकघरात दिलेली हाक ऐकू येईनाशी होत नसे. घरातील राऊटर हा असा चौक आहे आणि दिंडी दरवाजाही तोच आहे. इंटरनेट गेले म्हणजे दरवाजा बंद झाला. चौक आहे तेथेच आहे. संगीत जर घरातल्याच एखाद्या खोलीत साठवलेले असेल, तर ते चौकातून दुसऱ्या खोलीत जाण्यासाठी दरवाजा उघडा असण्याची गरज नाही.

मोबाईलवरील संगीतसेवांमुळे ही सोय आता कालबाह्य झाली, असे काहीजण म्हणतात. ज्यांची आवड त्या सेवांच्या भांडारात मावते, त्यांच्यापुरते ते खरे आहे. आमच्या घरातील परिस्थिती वेगळी होती. वडिलांकडे तीनशेच्या वर कॅसेट होत्या. त्यांतील निम्म्याअधिक बाजारात विकत मिळणाऱ्या. उरलेल्या मात्र घरगुती मैफलींच्या, गणेशोत्सवातील कार्यक्रमांच्या, स्नेह्यांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या. त्या जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. फितीला बुरशी धरू लागली तेव्हा दोन वर्षे खपून त्या सर्व संगणकात उतरवून घेतल्या. परंतु संगणकात गेलेले गाणे वडिलांच्या कानापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न उरला. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. काचेच्या गुळगुळीत पडद्यावरील चित्रे बोटाने दाबणे त्यांना जमत नाही. हाताला उंचवटे लागतील अशा बटणांचा रिमोट हवा होता आणि पहाटे सहाला न चुकता वाजेल असे यंत्र हवे होते.

त्यासाठी जे यंत्र निवडले त्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि या लेखाच्या विषयाशी त्याचा जवळचा संबंधही आहे. कॅलिफोर्नियातील स्लिम डिव्हायसेस या लहानशा कंपनीने २००१ मध्ये ‘स्लिमपी३’ नावाचा एक प्लेअर बाजारात आणला. त्याच्या पोटात ना डिस्क होती, ना सीडीची खाच. मागच्या बाजूला नेटवर्कची तार खोचायची, दुसरी तार अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची, एवढेच. गाणी घरातील संगणकावर राहणार, ती शोधून पाठवण्याचे काम संगणकावरील एक प्रोग्रॅम करणार आणि प्लेअर केवळ आलेले स्वर कानापर्यंत पोचवणार, अशी ही कल्पना. २००३ मध्ये त्याची बिनतारी आवृत्ती ‘स्क्वीझबॉक्स’ या नावाने निघाली. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये या प्लेअरांचे उत्पादन थांबवले. एरवी येथे कथा संपली असती. परंतु संगणकावर चालणारा तो प्रोग्रॅम सुरुवातीपासून मुक्त स्रोत होता. त्याची संहिता कोणीही पाहावी, दुरुस्त करावी, पुढे न्यावी, अशी त्याच्या परवान्यातच तरतूद होती. त्यामुळे जगभरातील हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला. २०२४ मध्ये त्याचे ‘लिरिऑन म्युझिक सर्व्हर’ असे नामांतर झाले. वडिलांच्या उशाशी असलेला जुना, वापरलेला स्क्वीझबॉक्स आज त्याच्याच आधारावर गातो.

ज्यांना जुने यंत्र शोधण्याचा खटाटोप नको असेल, त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक उत्तम आहे. २०१२ मध्ये आलेल्या या छोट्या संगणकावर लिरिऑनचा सर्व्हरही चालतो आणि ‘स्क्वीझलाइट’ नावाचा प्रोग्रॅम टाकल्यास तोच प्लेअरही होतो. आवाजाचा दर्जा चांगला हवा असेल तर त्यावर ध्वनीसाठीची वेगळी पट्टी बसवता येते. आमच्याकडे सर्व्हर म्हणून हाच संगणक आहे. त्याला दोन टेराबाइटची डिस्क जोडलेली असून तो माळ्यावर राऊटरच्या शेजारी पडून असतो.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. प्लेअर प्रथम चालू केला की तो विचारतो, तारेने जोडायचे की बिनतारी? बिनतारी म्हटले की आसपासच्या नेटवर्कांची यादी दाखवतो, आपले नाव निवडल्यावर परवलीचा शब्द मागतो आणि राऊटरकडून पत्ता घेतो. हा पत्ता म्हणजे चार आकड्यांची माळ असते. बहुतेक घरांत ती १९२.१६८ ने सुरू होते. पत्ता मिळाला की प्लेअर साऱ्या चौकाला उद्देशून हाक मारतो, "संगीताचा सर्व्हर कोणी आहे का?" सर्व्हर "मी आहे" असे उत्तर देतो आणि दोघांची गाठ पडते. घरातील अन्य संगणकावरून किंवा मोबाईलवरून याच सर्व्हरचे पान ब्राउझरमध्ये उघडता येते. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता, त्यापुढे विसर्गचिन्ह आणि ९००० हा आकडा टाकावा लागतो. आकडे अर्थातच इंग्रजी.

हे सर्व पाच मिनिटांचे काम आहे, आणि बहुतेक वेळा ते पाच मिनिटांत होतेही. लिहिण्यासारखे असते ते न झाल्यावर.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी तांब्याची तार जाऊन फायबर आले. जोडणी करणाऱ्या मुलाने कंपनीचा नवा डबा भिंतीवर ठोकला, त्यातून एक तार काढून आमच्या जुन्या राऊटरच्या पाठीत खोचली, मोबाईलवर वेग मोजून दाखवला आणि तो गेला. वेग खरोखरच डोळे दिपवणारा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे प्लेअर मुका. पडद्यावर एकच वाक्य : सर्व्हर सापडत नाही. सर्व्हर चालू होता, वायफाय चालू होते, इंटरनेट तर पूर्वीपेक्षा वेगवान होते. मी परवलीचे शब्द पुन्हा भरले, यंत्रे बंद करून चालू केली, सर्व्हरचा प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला. उपयोग झाला नाही. वडिलांनी तक्रार केली नाही. फक्त पहाटे सहा वाजता ते खोलीतून बाहेर येऊन झोपाळ्यावर नुसते बसू लागले. असे अकरा दिवस गेले.

दोष शेवटी सापडला तो दोन पत्ते कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, प्लेअरचा १९२.१६८.० ने. म्हणजे घरात नकळत दोन चौक तयार झाले होते. भिंतीवरचा नवा डबा हा स्वतःच एक राऊटर होता; त्याने आपला वेगळा चौक मांडला होता आणि माझा जुना राऊटर त्याच्या आत दुसरा चौक मांडून बसला होता. उलटसुलट करताना सर्व्हरची तार मी नव्या डब्यात खोचली होती, प्लेअर जुन्याच वायफायवर होता. इंटरनेट दोघांनाही मिळत होते, म्हणून संशय आला नाही. परंतु प्लेअरची हाक आपल्या चौकाच्या भिंतीपलीकडे जात नव्हती. अशी हाक एका नेटवर्कची हद्द ओलांडत नाही, हा नियमच आहे, आणि तो योग्यही आहे. नाहीतर साऱ्या शहराची यंत्रे एकमेकांच्या हाकांनी बधिर होतील.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. जुन्या राऊटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून वागायला सांगायचे, म्हणजे तो पत्ते वाटण्याचे काम सोडून देतो आणि पहिल्याच चौकाचा विस्तार बनतो. ज्या राऊटरमध्ये ही सोय नसते, त्यात पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करायची, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या डब्याच्या मालिकेतील एखादा रिकामा पत्ता ठेवायचा आणि तार ‘वॅन’ लिहिलेल्या भोकातून काढून ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात खोचायची. फायबर घेतल्यानंतर घरातील प्रिंटर किंवा टीव्ही सापडेनासा झाल्याची तक्रार ज्यांच्याकडे आहे, त्यांनीही प्रथम हेच तपासावे.

याच जातीचा आणखी एक सापळा पाहुण्यांच्या नेटवर्कचा आहे. बहुतेक राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देण्याची सोय असते. जुना प्लेअर मुख्य नेटवर्कवर येत नाही म्हणून त्याला पाहुण्यांच्या नेटवर्कवर बसवावे, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो जोडला जातोही, परंतु सर्व्हर सापडत नाही. कारण पाहुण्याला फक्त दिंडी दरवाजापर्यंत वाट द्यायची, घरातल्या खोल्या दाखवायच्या नाहीत, हाच त्या सोयीचा हेतू असतो.

जुना प्लेअर मुख्य नेटवर्कवर का येत नाही, याची कारणेही पाहिली पाहिजेत. त्या काळातील यंत्रांना २.४ गिगाहर्ट्झचा एकच पट्टा समजतो. आजचे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतात आणि यंत्रांना इकडून तिकडे ढकलत राहतात. त्यात जुनी यंत्रे गोंधळतात. दुसरे कारण सुरक्षेचे. नव्या राऊटरवर डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत सक्तीची केलेली असेल, तर जुन्या प्लेअरला ती भाषाच येत नाही. अशा वेळी २.४ च्या पट्ट्याला वेगळे नाव द्यावे, त्यावर डब्ल्यूपीए२ ठेवावे आणि प्लेअर तेथे जोडावा. मात्र प्लेअरसाठी परवलीचा शब्दच काढून टाकणे किंवा डब्ल्यूईपी या जुनाट, मिनिटांत फुटणाऱ्या पद्धतीवर उतरणे हा शहाणपणा नव्हे. यंत्राला तेवढेच येत असेल तर त्याला तारेने जोडावे.

तारेचा विषय निघालाच आहे तर एक आग्रह. प्लेअर बिनतारी असला तरी चालेल, सर्व्हर मात्र राऊटरला तारेनेच जोडावा. दोघेही बिनतारी असतील तर गाण्याचा प्रत्येक तुकडा एकाच हवेतून दोनदा प्रवास करतो : सर्व्हरकडून राऊटरकडे आणि राऊटरकडून प्लेअरकडे. गर्दी विनाकारण दुप्पट होते.

येथे थोडे गणित करावे लागेल, कारण वेगाविषयी फार गैरसमज आहेत. सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, प्रत्येक मोजणी १६ बिटांची असते आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. म्हणजे साधारण १.४ एमबीपीएस. दर्जा न घटवता ध्वनी घडी घालून ठेवणारी फ्लॅक ही पद्धत वापरली तर पुष्कळदा याच्या निम्म्याच्या आसपास भागते. ५४ एमबीपीएसची पाटी मिरवणारे जुने वायफाय प्रत्यक्षात वीसच्या आसपास देत असले, तरी तेही संगीतासाठी कैक पटींनी पुरेसे आहे. म्हणून प्लेअर अडखळतो या कारणासाठी इंटरनेटची योजना १०० वरून ३०० एमबीपीएसवर नेणे म्हणजे स्वयंपाकघरातील नळाला पाणी कमी येते म्हणून रस्ता रुंद करून घेण्यासारखे आहे. घरातल्या घरात फिरणारे गाणे त्या योजनेला स्पर्शही करत नाही.

संगीताला वेग थोडा लागतो, परंतु सातत्य फार लागते. प्लेअर काही सेकंदांचे गाणे आगाऊ साठवून ठेवतो. तेवढ्या वेळापेक्षा अधिक खंड पडला की स्वर तुटतो. पान उघडताना दोन-पाच सेकंद गेले तर आपल्या लक्षात येत नाही, समेवर येता येता तबला थांबला तर येते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि आज त्यावर वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस अशी सारी गर्दी लोटलेली असते. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते. आमच्याकडे रात्री साडेआठला गाणे तुटायचे. कारण शोधले तेव्हा ती जेवण गरम करण्याची वेळ निघाली. या पट्ट्यातील १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. मोबाईलवरील एखाद्या मोफत अ‍ॅपने शेजाऱ्यांची नेटवर्के कोणत्या चॅनेलवर आहेत ते पाहावे आणि आपल्या राऊटरला या तिघांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल नेमून द्यावा. जुन्या घरांच्या दगडी भिंती आणि नव्या इमारतींतील सळयांचे काँक्रीट, दोन्ही लहरींना जाचक आहेत. राऊटर लोखंडी कपाटामागे लपवून ठेवण्याची आपली सवय तर सोडूनच दिली पाहिजे.

वीज जाऊन आल्यानंतर सुरू होणारे दुखणे वेगळे. राऊटर पत्ते वाटतो ते मुदतीने वाटतो. पुन्हा चालू झाल्यावर सर्व्हरला पूर्वीचाच पत्ता मिळेल याची हमी नसते. प्लेअर हाक मारून नवा पत्ता शोधू शकतो, परंतु मोबाईलवर जपून ठेवलेली खूण किंवा हाताने पत्ता भरून दिलेला प्लेअर जुन्याच दारावर थाप मारत राहतो. राऊटरच्या पानावर पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तेथे सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखावा. हे एवढे एक काम केले तरी तक्रारींचा मोठा भाग नाहीसा होतो, असा माझा अनुभव आहे. शक्य असेल तर राऊटर आणि सर्व्हर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. रास्पबेरी पायचे कार्ड अचानक वीज गेल्याने बिघडण्याची भीती असते. ‘पायकोअरप्लेअर’ ही त्यावर चालणारी प्रणाली सुरू होताच स्मृतीत जाऊन बसते आणि कार्डाला फारसा हात लावत नाही, म्हणून ती त्यातल्या त्यात निर्धोक.

सर्वच प्लेअर या एका जातीचे नसतात. पुष्कळ कंपन्यांचे प्लेअर आणि टीव्ही डीएलएनए नावाच्या सामाईक पद्धतीने सर्व्हर शोधतात. २००३ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेली ती संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, परंतु तिने घालून दिलेली पद्धत अजून चालते आणि लिरिऑनही आवश्यक ते प्लगइन घातल्यास ती बोलतो. काही प्लेअर मात्र सर्व्हर वगैरे काही न मागता संगणकावरील सामाईक फोल्डर थेट उघडतात. त्यांतील जुन्या प्लेअरांना फोल्डर वाटून घेण्याची एसएमबी१ ही पहिली पद्धतच येते. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घातला तो याच पद्धतीतील छिद्रातून. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ती बसवणेच मायक्रोसॉफ्टने थांबवले आणि अनेकांचे प्लेअर एका रात्रीत मुके झाले. ती पद्धत विंडोजमध्ये पुन्हा चालू करण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी संगीतासाठी डीएलएनएचा छोटा सर्व्हर बसवावा.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अधिक सांगायला हव्यात. पहिली, खंड न पडता वाजण्याची. सीडीवर विलंबित ख्याल आणि त्याला जोडून येणारी द्रुत बंदिश यांचे दोन वेगळे ट्रॅक केलेले असतात. मधला तानपुरा मात्र अखंड असतो. एमपी३ ही पद्धत ध्वनीचे ११५२ मोजण्यांचे ठराविक तुकडे करते. शेवटचा तुकडा अपुरा राहिला की तो शांततेने भरून काढते, सुरुवातीलाही थोडी शांतता घालते. ही भर ओळखून गाळण्याची अक्कल प्लेअरकडे नसेल तर तानपुऱ्यात बारीक उचकी लागते. भावगीताला त्याने बिघडत नाही. रागाचे वातावरण मात्र क्षणात विस्कटते. फ्लॅकमध्ये हा दोष नाही. शिवाय फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा एकही बिट गमावला जात नाही, म्हणून ज्या कॅसेटची दुसरी प्रत नाही ती फ्लॅकमध्येच उतरवावी. तीही १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर पुरेशी आहे. १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यांनी डिस्क भरते, कॅसेटवर जे मुळात नाही ते येत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. प्लेअर गाणी शोधतो ती फाइलमध्ये भरलेल्या माहितीवरून, आणि त्या माहितीचे रकाने कलाकार, अल्बम, प्रकार असे पाश्चात्त्य धाटणीचे असतात. रागाला त्यात जागा नाही. मी ‘प्रकार’ या रकान्यात रागाचे नाव भरतो. त्यामुळे रिमोटवरून ‘प्रकार’ उघडला की रागांची यादी समोर येते. नावे एकाच पद्धतीने लिहावीत, नाहीतर भीमपलास आणि भीमपलासी असे दोन राग तयार होतात आणि अर्धा संग्रह हरवल्यासारखा वाटतो. देवनागरीत माहिती भरायची तर ती युनिकोडमध्येच भरावी. युनिकोडपूर्व काळातील फाँट वापरून भरलेली नावे आज निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रूपात दिसतात; ती पुन्हा टंकित करण्यावाचून इलाज नाही. मोबाईलवर देवनागरी सुरेख दिसते, मात्र पुष्कळ जुन्या प्लेअरांच्या पडद्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरे जागेवर बसत नाहीत. वडिलांना पडदा दिसतच नसल्याने आमच्याकडे हा वाद उद्भवला नाही. त्यांच्यासाठी रिमोटवरील एक ते सहा बटणांना सहा याद्या जोडून दिल्या आहेत. एकवर पहाटेचे राग, सहावर नाट्यगीते.

हे सारे घरातच का ठेवायचे, कंपनीच्या सेवेवर का सोपवू नये, याचे उत्तर मागील काही वर्षांनी दिले आहे. स्क्वीझबॉक्सच्या मालकांसाठी लॉजिटेक एक संकेतस्थळ चालवत असे. ज्यांच्या घरी सर्व्हर नव्हता त्यांचे प्लेअर थेट त्याला जोडलेले होते. २०२४ च्या सुरुवातीस ते बंद करण्यात आले. त्या दिवसापासून असे प्लेअर नुसते घड्याळ दाखवणाऱ्या डब्यांसारखे झाले. ज्यांनी घरी सर्व्हर बसवला त्यांचे पुन्हा गाऊ लागले. त्याच वर्षी मे महिन्यात सोनॉस या नामांकित कंपनीने आपले मोबाईल अ‍ॅप आमूलाग्र बदलले, तेव्हा गजर लावणे, घरच्या संग्रहात शोधणे अशा रोजच्या सोयी काही काळ नाहीशा झाल्या. कंपनीला जाहीर क्षमायाचना करावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. महागडे स्पीकर तेच होते, भिंतीवर तसेच लटकलेले होते; बदलले होते ते दुसऱ्या देशातील एका कार्यालयातून.

म्हणून नवा प्लेअर घेताना दुकानदाराला ध्वनीच्या गुणवत्तेआधी एक प्रश्न विचारावा : इंटरनेटची तार काढून टाकली तर घरच्या डिस्कवरील गाणे यावर वाजेल का? नुसत्या होकारावर विसंबू नये. काही प्लेअर एरवी घरातून वाजतात, परंतु वीज जाऊन आली की प्रथम कंपनीच्या सर्व्हरला भेटून आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. म्हणून तार काढल्यानंतर प्लेअर एकदा बंद करून चालू करावा आणि मगच निर्णय घ्यावा. इंटरनेट रेडिओ या परीक्षेत नापास होणारच. आकाशवाणीचे प्रवाह बाहेरून येतात, ते दरवाजा बंद असताना कसे येणार? तो दोष प्लेअरचा नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकही काहीजण करतात. घरचे संगीत प्रवासात ऐकता यावे म्हणून राऊटरमध्ये छिद्र पाडून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा करतात. संगीताचे हे सर्व्हर घरातल्या माणसांवर विश्वास ठेवून बनवलेले असतात. परवलीचा शब्द आपण मुद्दाम लावल्याशिवाय ते विचारत नाहीत. बाहेरून ऐकायचेच असेल तर राऊटरवर व्हीपीएनची सोय असल्यास ती वापरावी, नाहीतर मोबाईलमध्ये चार मैफली भरून घ्याव्यात.

राहता राहिली डिस्क. प्लेअर बिघडला तर दुसरा मिळेल, सर्व्हर तासाभरात नव्याने उभा राहील. डिस्क गेली तर मात्र त्या घरगुती मैफली गेल्या, कारण मूळ कॅसेट आता वाजण्याच्या स्थितीत नाहीत. माळ्यावरील डिस्कची एक प्रत माझ्या संगणकावर आहे. परंतु आग, पूर, चोरी यांना एकाच घरातील दोन प्रती सारख्याच. म्हणून तिसरी प्रत नाशिकला बहिणीकडे कपाटात असते. दिवाळीत भाऊबीजेला जाताना नवी प्रत घेऊन जातो आणि जुनी परत आणतो. या वर्षी ती तपासताना दोन फाइली उघडेनात. माळ्यावरच्या डिस्कवरील चांगल्या होत्या, त्या पुन्हा उतरवून घेतल्या.